लाल सिग्नलवरची परीक्षा

पुण्यात पौड फाट्याच्या सिग्नलला आमची जुनी कार्बुरेटरवाली गाडी बंद पडायला लागली, तेव्हा तिचं वागणं मला फार चमत्कारिक वाटलं होतं. हायवेला ऐंशीच्या वेगानं ती गुण्यागोविंदानं धावायची. घाट चढताना कुरकुर नाही. पण लाल दिवा लागून क्लच दाबला, की तिला धाप लागायची. आवाज खाली जायचा, सावरायचा, पुन्हा बुडायचा आणि मग एक हिसका देऊन सगळं गप्प. पळायला तयार असलेली गाडी उभं राहायला मात्र नकार देत होती.

गॅरेजवाल्या काकांनी बॉनेट उघडलं आणि आधी नुसतं ऐकत राहिले. हातात पाना नाही की स्क्रू ड्रायव्हर नाही. दोनेक मिनिटांनी म्हणाले, “मिसिंग नाही ताई ही. कुठूनतरी हवा खेचतेय.” मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकणं. त्याला ठेका असतो, दर चार ठोक्यांत एक गाळलेला. इथे ठेका नव्हता, नुसती चढउतार होती. मग त्यांनी कार्ब क्लीनरचा डबा घेतला, त्याला बारीक नळी लावली आणि इंजिन चालू ठेवून एकेका रबरी पाइपाच्या सांध्यावर फवारा मारत गेले. पहिला सांधा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्या ठिकाणी फवारा पडताच इंजिनाचा आवाज एकदम वर चढला, जणू कोणी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला. (तो द्रव भडकन पेट घेतो. तापलेल्या सायलेन्सरजवळ हा प्रयोग घरी कोणी करू नये.) काकांनी तिथला बोटभर लांबीचा पाइप काढून माझ्यासमोर वाकवला. त्यात एक भेग उघडली. सोडला, भेग मिटली आणि दिसेनाशी झाली.

आयडलचा स्क्रू पिळून रेस वाढवली असती, तरी गाडी बंद पडायची थांबली असती. पुष्कळ ठिकाणी तेवढंच करून गाडी परत देतात. काकांनी ते केलं नाही, म्हणून मला तो पाइप बघायला मिळाला आणि एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. नखाएवढी भेग. ती धावताना का त्रास देत नाही? उभं असतानाच का?

उत्तर शोधायला लागले आणि माझी एक जुनी समजूत पार मोडली. सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन आराम करत असतं, असं मला वाटायचं. खरं तर त्याच्या दिवसातला सगळ्यात नाजूक क्षण तो असतो.

चार सिलिंडरचं इंजिन आयडलला मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला सत्तावीसच्या आसपास स्फोट. त्या सगळ्या स्फोटांतून जी ताकद निघते, ती इंजिन स्वतःवरच खर्च करतं: पिस्टनचं घर्षण, तेलाचा पंप, पाण्याचा पंप, अल्टरनेटर. चाकांपर्यंत काहीच पोचत नाही. कमावलं तेवढं खाल्लं, गाठीला शिल्लक शून्य. शिल्लक म्हणायची ती फ्लायव्हीलच्या गतीत साठलेली, पण ती गतीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ३,२०० फेऱ्यांवर जेवढी असेल, तिचा सोळावा हिस्सा ८०० वर उरतो. धावताना एखादा स्फोट फुकट गेला तर कोणाला कळतही नाही. आयडलला तोच चुकला, की सगळी गाडी थरथरते.

शिवाय त्या वेळी इंजिनाचं नाक जवळजवळ दाबून धरलेलं असतं. थ्रॉटलची चकती मिटलेली, कडेनं केसभर फट. पिस्टन ओढ घेतात आणि आत हवा येत नाही, म्हणून त्या पोकळीतला दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम एक तृतीयांश राहतो. इतकी ओढ असताना भेगेतून येणारी चोरटी हवा हिशोबाबाहेर जाते. वाटीभर आमटीत चमचाभर मीठ जास्त पडलं तर ती तोंडात धरवत नाही, पातेलंभर आमटीत पडलं तर कोणी बोलतही नाही. धावत्या इंजिनाची आमटी पातेलंभर, उभ्याची वाटीभर. पेट्रोलच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा हवी, हे प्रमाण वाटीतच बिघडतं. काकांचा फवारा त्याच भेगेतून आत ओढला गेला, पातळ झालेलं मिश्रण क्षणभर दाट झालं आणि इंजिनानं उसळी घेतली.

या ओढीचा आणखी एक परिणाम आहे आणि तो मला जास्त थक्क करून गेला. सिलिंडरची आत घेण्याची झडप उघडते तेव्हा धूर बाहेर टाकणारी झडप अजून पुरती मिटलेली नसते. क्षणभर दोन्ही दारं उघडी. धावताना त्याचा फायदा होतो. आयडलला मात्र एका बाजूला पोकळी, दुसऱ्या बाजूला जळून गेलेला वायू. तो वायू उलटा आत शिरतो. ताज्या मिश्रणात राख कालवल्यासारखं होतं, ठिणगी पडते आणि ज्योत पसरता पसरता विझते. नव्या गाड्यांत थोडा धूर मुद्दाम परत आत सोडणारी ईजीआर नावाची झडप असते. काजळीनं ती उघडीच अडकली, की हाच रोग होतो: पळताना ठणठणीत, उभं राहिलं की मरगळ. ब्रेकवर पाय दिला आणि इंजिन अडखळलं तर ब्रेक बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो, कारण तोही याच पोकळीवर चालतो. एसी लावल्यावरच बंद पडत असेल तर इंजिन वाढलेला बोजा ओळखतंय पण हवा पुरत नाहीये, थ्रॉटलवर काजळीचा थर आहे का ते आधी बघावं. चांगला मेकॅनिक म्हणूनच आधी पाना उचलत नाही, विचारतो: कधी बंद पडते? थंड असताना की गरम झाल्यावर?

हेच दुखणं एकदा एका अख्ख्या कंपनीच्या मुळावर आलं होतं. त्या कंपनीचं गाव हिरोशिमा.

अणुबाँब पडला तेव्हा हिजियामा नावाच्या टेकडीच्या आडोशाला असल्यामुळे एक कारखाना बराचसा वाचला. तोयो कोग्यो त्याचं नाव. पुढे काही महिने प्रांताचं सरकारी कामकाज त्याच इमारतीतून चाललं. ही कंपनी तीनचाकी मालवाहू गाड्या बनवायची आणि त्या माझदा या नावानं विकायची. १९६० च्या सुमारास जपान सरकारच्या उद्योग खात्याच्या मनात होतं, की मोटारी बनवणाऱ्या एवढ्या कंपन्या नकोत, लहानांनी मोठ्यांत विलीन व्हावं. आपण वेगळे आहोत हे सिद्ध केल्याशिवाय गत्यंतर नाही, हे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांना उमगलं. १९६० मध्ये ते जर्मनीला गेले. तिथे एनएसयू कंपनीकडे फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून उतरलेलं एक इंजिन होतं. त्यात पिस्टन नव्हता, वरखाली काहीच नव्हतं. सगळं फिरतं.

हे इंजिन डोळ्यांसमोर आणायचं तर भुईमुगाची शेंग आठवा, कमरेत किंचित आवळलेली. त्या आकाराची पोकळी. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, ज्याची तिन्ही टोकं भिंतीला सतत टेकलेली. त्रिकोण नुसता गिरकी घेत नाही, गिरकी घेता घेता झुलतोही, आणि त्याच्या तीन बाजूंना अडकलेल्या तीन कप्प्यांचा आकार लहानमोठा होत राहतो. एक कप्पा श्वास घेतोय, दुसरा दाबतोय, तिसरा धूर टाकतोय. झडपा नाहीत. भिंतीतली भोकं त्रिकोण स्वतःच झाकतो आणि उघडतो. त्रिकोणाचा एक फेरा होतो तेव्हा तो फिरवत असलेल्या मधल्या दांड्याचे तीन झालेले असतात. प्रथम हे समजलं तेव्हा मी कागदाचा त्रिकोण कापून ताटलीत फिरवत बसले होते.

१९६१ मध्ये जर्मनीहून नमुन्याचं इंजिन हिरोशिमाला पोचलं. चालू केलं आणि उत्साह ओसरला. वेगात ते रेशमासारखं फिरायचं. मंद केलं, की असं थडथडायचं, की तिथल्या लोकांनी त्याला ‘डेन्की आन्मा’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे विजेवरचं मालिशचं यंत्र. तेल आत झिरपून पांढरा धूर निघायचा, त्याला नाव पडलं ‘काचीकाचीयामा’. ही जपानमधली लहान मुलांची गोष्ट आहे. त्यात पाठीवर सरपण घेऊन चाललेल्या तानुकी नावाच्या लबाड प्राण्याच्या मोळीला ससा मागून चकमक झाडून आग लावतो. आणि इंजिन उघडून पाहिलं, तर भिंतीवर आडव्या रेघांची नक्षी उमटलेली. तिला म्हणाले ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’. नावं ठेवायची ही पद्धत मला फार आवडते. शत्रूचा चेहरा ओळखीचा करून घेतल्याशिवाय त्याच्याशी दोन हात करता येत नाहीत.

एप्रिल १९६३ मध्ये त्यासाठी वेगळा संशोधन विभाग उभा राहिला. प्रमुख केनिची यामामोतो. टोकियोच्या विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकून १९४६ मध्ये ते कंपनीत आले, तेव्हा सुरुवात गिअरबॉक्स जोडण्याच्या कामापासून झाली होती. विभागात माणसं ४७. आपल्या धन्याच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या ४७ सामुराईंची कथा जपानमध्ये घराघरांत ठाऊक आहे, त्यामुळे हा आकडा त्यांना चिकटला तो कायमचा.

ओरखड्यांची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, आणि ती सांगावी अशीच आहे. त्रिकोणाच्या टोकांना पट्ट्या बसवलेल्या असतात, भिंतीशी घट्ट लागून राहणाऱ्या. घासता घासता त्या थरथरायच्या, उसळून भिंतीवर आपटायच्या. फळ्यावर खडू किंचाळतो तसंच हे. मास्तर काय करतात? खडू मोडतात. लहान तुकडा वेगळ्या सुरात थरथरतो आणि किंचाळी थांबते. यामामोतोंच्या माणसांनी पट्टीचा सूर बदलण्यासाठी तिच्या टोकाजवळ आडवी-उभी भोकं पाडून पाहिली. ओरखडे गेले. पण अशी पोखरलेली पट्टी कारखान्यात हजारोंनी बनवणं कठीण. शेवटी निप्पॉन कार्बन या कंपनीबरोबर त्यांनी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून नवीच पट्टी घडवली. ती जात्याच मऊ चालीची निघाली.

माझं मन मात्र ओरखड्यांपेक्षा थडथडीत जास्त गुंतलं. ओरखडे कारखान्यात दिसतात. थडथड गिऱ्हाइकाला दिसते, रोज, प्रत्येक सिग्नलला.

तिची कारणं दोन होती. एक म्हणजे एकटा रोटर, म्हणजे तो फिरता त्रिकोण. कप्प्यातला वायू दाबताना तो दांड्याला उलटा रेटतो. वेगात असताना ते जाणवत नाही, मंद चालीत मात्र पुढे ढकल, मागे खेच असं चालू राहतं. त्यावर त्यांनी दोन रोटर एकाच दांड्यावर अर्ध्या फेऱ्याच्या अंतरानं बसवले. एक मागे खेचतो तेव्हा दुसरा पुढे ढकलतो. जात्यावर समोरासमोर बसून दळणाऱ्या दोघी खुंटा एकमेकींकडे देत राहतात, तसं.

दुसरं कारण तेच, एकदम उघड्या राहणाऱ्या दोन दारांचं. जर्मन आराखड्यात हवा आत येण्याचं भोक पोकळीच्या घेरावर होतं, जिथून त्रिकोणाचं टोक सरकत जातं. मिश्रण सरळ आत घुसतं, वेगात त्याच्यासारखी सोय नाही. पण श्वास घेण्याचं दार आणि धूर टाकण्याचं दार बराच वेळ एकदमच उघडी राहतात. मंद चालीत धूर उलटा येतो, ज्योत विझते, हिसका बसतो. हिरोशिमाच्या मंडळींनी आत येण्याचं दार घेरावरून काढलं आणि बाजूच्या सपाट भिंतीत नेलं. तिथे त्रिकोणाची चपटी कूस ते झाकते, वेळेवर उघडते, वेळेवर मिटते. धुराचं दार होतं तिथेच राहिलं. दोन दारांची गाठभेट थोडक्यात आटोपायला लागली आणि इंजिन मंद चालीत शांत झालं.

याची किंमत होती. बाजूनं येणाऱ्या मिश्रणाला वळण घ्यावं लागतं, वरच्या वेगात दम थोडा कमी पडतो. एका नव्या, क्रांतिकारी इंजिनाची जाहिरात करायची आहे, सगळं जग अश्वशक्ती विचारतंय, आणि हे लोक लाल सिग्नलसाठी अश्वशक्ती सोडून देतात. यामामोतो आणि त्यांच्या माणसांचा सगळ्यात मोठा निर्णय मला हाच वाटतो. त्यातही त्यांनी बारकावा केला. प्रत्येक रोटरला बाजूला दोन दारं दिली आणि चार नळ्यांचा कार्बुरेटर जोडला. मंद चालीत एकाच दारातून श्वास घ्यायचा, म्हणजे चिंचोळ्या वाटेनं मिश्रण जोरात जातं आणि नीट घुसळलं जातं. जोर हवा तेव्हा दुसरं दार. कप्पा लांबोडका आणि चपटा, त्यात ज्योत या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून रोटरमागे प्लगही दोन.

३० मे १९६७ रोजी कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली. तिच्या इंजिनाचं नाव १०ए. प्रत्येक रोटर ४९१ सीसीचा, दोन्ही मिळून ११० अश्वशक्ती, ७,००० फेऱ्यांवर. दोन रोटरचं इंजिन घेऊन बाजारात आलेली ही जगातली पहिली गाडी. त्याच वर्षी खुद्द एनएसयूची आरओ ८० आली, तिच्यातही दोन रोटर होते, पण श्वासाचं दार घेरावरच. मंद चालीतले हिसके प्रवाशापर्यंत पोचू नयेत म्हणून जर्मनांनी मध्ये टॉर्क कन्व्हर्टर घातला, म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेलाची उशी. दोघांनी एकाच दुखण्यावर इलाज केला. जर्मनांचा इलाज इंजिनाच्या बाहेर होता, जपान्यांचा आत. आरओ ८० च्या पट्ट्या लवकर झिजल्या आणि ती कंपनी १९६९ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. कॉस्मो १९७२ पर्यंत बनत राहिली. सगळ्या मिळून निघाल्या १,१७६. प्रत्येक जवळपास हातानं जोडलेली. १९६८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत न्यूरबुर्गरिंगला ८४ तासांची शर्यत झाली, त्यात एक कॉस्मो चौथी आली.

जिथे सिग्नलच नाही तिथे काय करायचं? १९९१ ची ल मान्सची शर्यत माझदाच्या ७८७बी गाडीनं जिंकली. चोवीस तासांत ३६२ फेरे, आणि जपानी कंपनीचा तिथला पहिला विजय. तिच्या चार रोटरच्या इंजिनात श्वासाचं दार पुन्हा घेरावर होतं! शर्यतीत चोवीस तास इंजिन वरच्या पट्टीतच गातं, उभं राहण्याची पाळी क्वचित येते. ज्या गोष्टीमुळे ते रस्त्यावर नापास झालं असतं, तिनंच त्याला ल मान्सला जिंकून दिलं. २००३ मध्ये आरएक्स-८ आली, तेव्हा रस्त्यावरच्या इंजिनात त्यांनी उलट दिशेला आणखी एक पाऊल टाकलं: धुराचं दारही बाजूच्या भिंतीत नेलं. आता दोन्ही दारं एकदम उघडी राहण्याचा प्रश्नच मिटला.

जपानी भाषेत गाडी बंद पडण्याला ‘एन्सुतो’ म्हणतात, इंग्रजी इंजिन या शब्दाला थांबणं जोडून आणि मग कापून लहान केलेला शब्द. २००९ मध्ये याच हिरोशिमाच्या कंपनीनं साध्या पिस्टनच्या गाड्यांत असं काही आणलं, की त्यात इंजिन सिग्नलला मुद्दाम बंद पाडायचं. पण बंद पाडतानाही नेम धरायचा. पिस्टन जिथे हवे तिथे, मधल्या उंचीवर, दाबलेल्या आणि फैलावलेल्या हवेचा तोल राखून थांबले पाहिजेत. मग हिरवा दिवा लागला, की फैलावाच्या टप्प्यावर थांबलेल्या सिलिंडरमध्ये पेट्रोलचा शिडकावा करायचा आणि ठिणगी पाडायची. स्टार्टर फक्त हात लावतो, जोर त्या स्फोटाचा. ०.३५ सेकंदात इंजिन चालू. पौड फाट्याला आमची गाडी बंद पडायची तेव्हा तिचे पिस्टन कुठे थांबलेत, याचा विचारही माझ्या मनात आला नव्हता.

कॉस्मो आणि ७८७बी हिरोशिमाच्या माझदा संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. त्याच शहरात उजिना कारखान्यात २०२३ च्या जूनपासून पुन्हा रोटरी इंजिनाची गाडी बनायला लागली, एमएक्स-३० चा एक प्रकार. इंजिन ८३० सीसीचं, आणि रोटर एकच. तोच एकटा रोटर, जो साठ वर्षांपूर्वी मंद चालीत थडथडायचा म्हणून त्याला जोडीदार द्यावा लागला होता. आता त्याचा चाकांशी संबंध नाही. चाकं विजेच्या मोटरवर फिरतात, रोटर फक्त बॅटरीत वीज भरण्यापुरता जागा होतो आणि काम झालं की थांबतो. सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा त्याला क्लचखाली तग धरून राहायचं नसतं.